विकत न मिळणारा मासा

न्यूझीलंडमध्ये मेंढी विकत मिळते, गाय विकत मिळते, ओळख काढली तर एखादी टेकडीही मिळत असावी. पण ट्राउट नावाचा मासा मिळत नाही. देशभर त्याच्यासाठी माणसं वेडी झालेली असतात, पहाटे उठून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहतात, आणि तरी तो कुठल्याही दुकानात नाही, कुठल्याही हॉटेलात नाही. हे मला कळलं ते पामर्स्टन नॉर्थच्या एका सुपरमार्केटात, माशांच्या काउंटरसमोर. मी ठाण्याचा माणूस. मासा घ्यायचा तर आधी त्याचे कल्ले उघडून बघायचे, मग कोळणीशी भांडायचं, मग घ्यायचा, एवढं शिक्षण घरातच झालेलं. त्या तोऱ्यात मी विचारलं, "ट्राउट कसा दिला?"

काउंटरमागच्या दाढीवाल्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याच्या आजीची किंमत विचारली आहे. "ट्राउट विकायला कायद्यानं बंदी आहे, मेट," तो म्हणाला. "एक तर तू पकडायचास. नाहीतर ज्यानं पकडला, त्यानं प्रेमानं तुला द्यायचा."

मी रिकाम्या पिशवीनिशी बाहेर आलो. जो मासा मिळवायला कुणाचं तरी प्रेम लागतं, असा मासा मी पन्नाशी ओलांडेपर्यंत पाहिला नव्हता.

पामर्स्टन नॉर्थ

२०१६ चा मार्च होता. तिकडे मार्च म्हणजे सरता उन्हाळा. सकाळी स्वेटर, दुपारी घाम, संध्याकाळी पुन्हा स्वेटर. मी आणि माझी बायको आमच्या शिरीषकडे उतरलो होतो. शिरीष माझा शाळेतला बाकमित्र. तरुणपणी दुधाचं शास्त्र शिकायला इकडे आला आणि दुधात साखर विरघळावी तसा इथेच विरघळला. आता तो एका संशोधन संस्थेत चीजवर संशोधन करतो आणि कामावर सायकलने जातो. त्याची बायको वर्षा. मुलगी इरा, वय पंधरा, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

आणि नाना. शिरीषचे वडील, ऐंशीला टेकलेले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. उमेदीची वर्षं धरणांच्या वसाहतींत गेली, मग बदली होऊन ठाण्यात आले. शिरीषची आई गेल्यापासून दर उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, चार-पाच महिने मुलाकडे येतात. या वेळी ते रविवारी आमच्याच विमानाने परत निघणार होते, आणि डॉक्टरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की एवढा लांबचा प्रवास आता पुरे.

पहिल्याच जेवणाला नानांनी मोबाइल काढला. "विनू, हे बघ." फोटोत शिरीष, हातात लांबलचक चंदेरी मासा. पुढच्या फोटोत शिरीष, त्याहून मोठा मासा. दर वर्षी एक, असे चार. ठाण्याच्या सोसायटीत वॉचमनपासून चेअरमनपर्यंत हे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, हे नानांनीच अभिमानानं सांगितलं.

"तुला ठाऊक आहे ना रे," ते म्हणाले, "धरणावर राहायचो तेव्हा मी याला गळ घेऊन बरोबर न्यायचो. पाच मिनिटं बसेल तर शपथ! पाण्यात दगड मारायचा कार्टा. मी हिला म्हणायचो, या पोराला एका जागी बसता येत नाही, याचं काही व्हायचं नाही. आणि बघ आता. जन्मात एकदा माझा अंदाज पार चुकला, आणि चुकला म्हणून मी पेढे वाटले."

इराला ठसका लागला. वर्षा उठून आत गेली आणि तिथे भांडी उगीचच वाजू लागली. शिरीष ताटातल्या भाताशी अतिशय गंभीर चर्चा करत होता.

"मला हिमनदी नको, गरम पाण्याची कुंडं नकोत," नाना पुढे म्हणाले. "मला जायच्या आधी याला मासा धरताना एकदा डोळ्यांनी बघायचंय. परवा नेतोय मला. तूही चल."

मी हौशी नाटकांत तीस वर्षं काढली आहेत. पडद्यामागे गडबड आहे हे मला वासावरून कळतं. संध्याकाळी शिरीष गॅरेजमध्ये गळाच्या काठ्या गाडीत भरत होता, तिथे मी त्याला गाठला.

"बोल."

"काय बोल?"

"शिऱ्या, जेवताना तुझा चेहरा नापास झालेल्या मुलासारखा होता. बोल."

त्याने गॅरेजचं दार लोटून घेतलं. "विन्या, मी आजवर एकही मासा पकडलेला नाही."

"एकही?"

"एकदा माझी स्वतःची टोपी पकडली होती."

मग सगळं बाहेर आलं. फोटोतले मासे शेजारच्या ग्रॅहमचे. ग्रॅहम पकडतो आणि प्रेमानं देतो, अगदी कायद्यात बसेल असं. पहिल्या वर्षी शिरीषने गंमत म्हणून त्याचा मासा हातात धरून फोटो काढला आणि ठाण्याला पाठवला. नानांचा लगेच फोन आला. त्याची आई जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते, नाना कुणाशी धड बोलत नव्हते. "आणि त्या दिवशी हसत होते रे," शिरीष म्हणाला. "मोठ्याने. काय सांगणार होतो मी? मासा शेजाऱ्याचा आहे म्हणून? म्हटलं, पुढच्या आठवड्यात खरा पकडू आणि मिटवून टाकू. त्याला चार उन्हाळे झाले. नाना इथे असले की मासे तिथेच सोडले म्हणून सांगतो, आणि त्यांना तळ्यावर न्यायचं टाळतो."

मी माझ्या परीने मदत केली. ग्रॅहमच्या फ्रीझरमधला एखादा मासा गुपचूप न्यावा, पाण्याखाली गळाला अडकवावा, आणि मी काठावर उभा राहून आरडाओरडा करावा, अशी एक संपूर्ण तीन-प्रवेशी योजना मांडली.

"बर्फ झालेला मासा ओढ देत नाही, विन्या. आणि नाना धरणावरचे आहेत." त्याने शेवटची काठी गाडीत सारली. "मला खरा पकडायला पाहिजे. परवाच."

डेझर्ट रोड

पामर्स्टन नॉर्थहून उत्तरेला निघालं की पहिले दोन तास हिरव्या टेकड्या आणि मेंढ्या, पुन्हा हिरव्या टेकड्या आणि मेंढ्या. बायका आणि इरा घरीच राहिल्या होत्या, गाडीत आम्ही तिघेच. मी डुलकी काढली. जाग आली तेव्हा नाना पुढच्या सीटवरून एका हाताने मला हलवत होते आणि दुसऱ्याने बाहेर बोट दाखवत होते.

हिरवं सगळं संपलं होतं. दोन्ही बाजूंना तांबूस, पिवळं, खुरटं माळरान, झाड म्हणून नाही, आणि डावीकडे रुआपेहू. एखादा डोंगर असा अचानक, काहीही पूर्वसूचना न देता, बाजूला येऊन उभा राहतो हे बरोबर नाही. डोक्यावर उन्हाळ्यातून उरलेला बर्फ, खाली काळी राख. त्याच्यापुढे न्गाउरुहोए, लहान मुलाने काढावा तसा तंतोतंत त्रिकोण. त्याच्यापुढे टोंगारिरो, पसरून बसलेला. तिघेही ज्वालामुखी, तिघेही जिवंत. शिरीषने गाडी बाजूला घेतली. आम्ही खाली उतरलो आणि कुणीच काही बोललं नाही. माझ्या बाबतीत ही घटना दुर्मीळ आहे.

शेवटी नाना म्हणाले, "यांना कुणी हात लावलेला नाही, नाही?" एवढंच. आणि त्यांनी पायातली सपाता काढून जमिनीला पाऊल टेकवलं.

दोन रात्रींसाठी शिरीषने तुरांगीजवळ एक बॅच भाड्याने घेतली होती. बॅच म्हणजे सुट्टीतलं लाकडी घरकुल. दोन खोल्या, जुनी गादी, आणि फळीवर आधीच्या लोकांनी ठेवून दिलेले पत्ते. पोचल्यावर शिरीषने बाहेरच्या नळाखाली आमचे सगळ्यांचे बूट घासायला घेतले. एका पाण्यातलं शेवाळ दुसऱ्या पाण्यात जाऊ नये म्हणून इथे प्रत्येक माणूस बूट, काठी, जाळं सगळं धुऊन, वाळवून मगच पुढच्या तळ्यावर जातो. कुणी पाहत नसलं तरी. आपण देवळात शिरताना पाय धुतो, हे लोक तळ्यात शिरताना बूट धुतात.

ओटामांगाकाऊ, पहाट

या तळ्याचं नाव मी सहा वेळा म्हणून पाहिलं आणि सातव्यांदा बरोबर आलं. हे निसर्गाचं तळं नाही. डोंगरातले ओढे-नद्या कालव्यांनी वळवून, बांध घालून, विजेसाठी साठवलेलं पाणी आहे. पण नानांनी सांगेपर्यंत मला तो बांध दिसलाच नाही. "आमचं धरण लांबून ओरडून सांगतं, मी धरण आहे," ते म्हणाले. "हे बघ, कसं गप्प बसलंय."

उजाडत होतं. पाण्यावर धुकं होतं, आणि ते धुकं एखाद्या अदृश्य नोकराने गुंडाळून न्यावं तसं एका बाजूने उचलत गेलं. खालून ते तिन्ही डोंगर उलटे बाहेर आले. काळे हंस, चोची लाल, त्या उलट्या डोंगरांच्या शिखरांवरून पोहत गेले. मी तोंड उघडं टाकून उभा होतो. नशीब, डास नव्हते, नाही तर एखादा आत गेला असता.

नाना माकडटोपी घालून घडीच्या खुर्चीत बसले. थर्मासमधला चहा झाला. शिरीष पाण्यात उतरला, आणि नानांसाठी मोठ्याने सगळं समजावू लागला. त्याचं ज्ञान अफाट होतं. चार वर्षांत त्याने मासा सोडून बाकी सगळं मिळवलं होतं.

गोष्ट अशी. सरत्या उन्हाळ्यात अशा उथळ तळ्यांचं पाणी तापतं. ट्राउट हा थंडीतला प्राणी. गरम पाण्यात त्याचा जीव गुदमरतो. मग तो सगळीकडे पसरून राहत नाही. जिथे डोंगरातून कालव्याचं गार पाणी आत येतं, त्या गार पट्ट्यात दाटीवाटीने येऊन थांबतो. पहाटे आणि ढगाळ वेळी काठावर येतो, ऊन चढलं की पाणवेलींच्या कडेला, खोल चरात. त्याला सावली दिसता कामा नये, पाय वाजता कामा नयेत. इथे आमिष लावत नाहीत. पिसं, केस आणि फोम बांधून किड्याची नक्कल करायची आणि ती हलक्या हाताने पाण्यावर ठेवायची.

"आणि मग सगळ्यात अवघड काम," शिरीष म्हणाला. "मासा वर येतो, तोंड उघडतो, किडा आत घेतो. त्या क्षणाला ओढायचं नाही. इथले ट्राउट मोठे, निवांत. लगेच ओढलं की किडा त्याच्या उघड्या तोंडातून तसाच परत येतो. ग्रॅहम सांगतो, मनात 'गॉड सेव्ह द क्वीन' म्हणायचं, पूर्ण, आणि मगच काठी उचलायची. इथे सगळे तसंच करतात."

"तूही तेच म्हणतोस?" नानांनी विचारलं.

"म्हणतो ना," शिरीष म्हणाला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

तो काय करतो ते लगेचच दिसलं. पाणी फुगलं, एक काळसर पाठ वर आली, एक तोंड उघडलं, आणि शिरीषने काठी अशी खस्सकन ओढली की किडा त्याच्या डोक्यावरून मागच्या झुडपात गेला. राणीला वाचवायचं राहूनच गेलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा 'गॉड' पर्यंत पोचला. दर वेळी तो मागे वळून नानांकडे बघून हसायचा, "आज जरा लाजतायत." नाना मान डोलवायचे. मला बघवेना.

म्हणून मीही पाण्यात उतरलो. शिरीषने मला छातीपर्यंत येणारी रबरी विजार दिली होती. पाणवेलींतून मी रंगमंचावर प्रवेश करावा तसा दमदार पावलं टाकत गेलो. पाणी कोमट होतं, अगदी आंघोळीचं. पुढचं पाऊल टाकलं आणि खाली जमीनच नव्हती. मी सरळ चरात गेलो, विजारीत पाणी शिरलं, आणि ते पाणी बर्फाचं होतं. मी जी किंकाळी मारली ती माझ्या आजवरच्या सगळ्या भूमिकांत सरस होती. काळे हंस तळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेले.

शिरीष धावत आला. मला काठावर ओढण्याआधी त्याने त्या चरात हात घातला. "विन्या!" त्याचे डोळे चमकले. "इथे गार आहे! गार पट्टा सरकलाय, मी तिकडे वीस हात दूर उभा होतो. सगळे मासे इथे असणार."

"मी बुडतोय," मी म्हणालो.

"हो, हो, जरा थांब."

तोच दिवस, दुपार

मी काठावर चड्डीवर बसून वाळत होतो. किंकाळी ऐकून एक बाई चालत आली. साठीची, केस पांढरे, अंगात जाड जर्सी आणि पायात मात्र रबरी चपला, ज्यांना इथे जंडल्स म्हणतात. खांद्यावर गळाची काठी. "किया ओरा," तिने माओरीत नमस्कार केला. "कुणी मेलं नाही ना?" तिचं नाव अरोहा. ती जवळच राहते, या तळ्यावर लहानपणापासून, म्हणजे तळं नव्हतं तेव्हापासून येते.

मग तिचं लक्ष पाण्यातल्या शिरीषकडे गेलं आणि तिचा चेहरा फुलला. "अरे, हा तर तोच! पामर्स्टनचा तो चीजवाला!" ती नानांकडे वळून मोठ्या कौतुकाने म्हणाली, "तुम्ही ओळखता याला? चार उन्हाळे बघतेय मी. एवढे मासे गमावलेला माणूस या तळ्यावर दुसरा झाला नाही!"

नानांचं इंग्रजी सरकारी, पण पक्कं. ते खुर्चीत ताठ झाले. "मॅडम, आणि पकडले किती?"

"एकही नाही, डार्लिंग," अरोहा म्हणाली.

अरोहाला काहीतरी चुकलं हे कळलं. ती मला म्हणाली, "ओह," आणि पुढे सरकून उगाच आपली दोरी सोडवू लागली. शिरीष पाठमोरा होता. त्याची मान खाली गेली.

"मग ते मासे कुणाचे?" नानांनी मराठीत विचारलं.

"शेजारच्या ग्रॅहमचे."

"चारही?"

"चारही."

नाना उठले. खुर्ची घडी केली. थर्मासचं झाकण लावलं, ते दोनदा आडवं बसलं, तिसऱ्यांदा बसलं. "मी अख्ख्या सोसायटीला सांगितलं," ते माझ्याकडे बघून म्हणाले, जणू तो गुन्हा माझा होता. "चल विनू. गाडी काढायला सांग त्याला."

"नाना, तुम्ही गाडीत बसा," शिरीष म्हणाला. तो अजूनही पाठमोराच. "मी येत नाही एवढ्यात."

"शिऱ्या, पुरे झालं हे."

"दर शनिवारी येतो मी, नाना. अंधारात निघतो. संध्याकाळपर्यंत उभा असतो. एकही मिळत नाही आणि पुढच्या शनिवारी परत येतो. खोटं बोललो ते बोललो. पण उभा राहिलोय ना. चार वर्षं."

मी बोलायला तोंड उघडलं आणि, देवाच्या कृपेने, मिटलं. अरोहा भाषा न कळताही थांबून ऐकत होती. नाना हातात घडीची खुर्ची धरून उभे होते. पाण्याकडे बघत होते, की शिरीषच्या पाठीकडे, मला सांगता येणार नाही. मग त्यांनी ती खुर्ची पुन्हा उघडली. गाडीच्या बाजूला नाही, पाण्याच्या अगदी कडेला नेऊन ठेवली, आणि बसले.

आणि तेवढ्यात ते सुरू झालं.

ऊन चढलं होतं. काठावरच्या मानुका झुडपांतून एक किर्रर्र आवाज उठला, आधी एक, मग दहा, मग सगळा काठ. सिकाडा नावाचा अंगठ्याएवढा किडा. वर्षानुवर्षं जमिनीखाली असतो आणि उन्हाळ्यात बाहेर येऊन ओरडतो. तो आवाज कानात नाही, दातांत ऐकू येतो. मग डोंगरावरून वाऱ्याची एक झुळूक उतरली आणि ते किडे झुडपांतून उडून पाण्यावर पडू लागले. पाठीवर पडून गरगर फिरू लागले.

आणि तळं उठलं. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. जिथे सकाळपासून आरसा होता तिथे तोंडं उघडू लागली. इतक्या स्वच्छ पाण्यात की मासा खालून निघाल्यापासून दिसत होता. हाताएवढा लांब, शेपटी एकदाच हलवून, जिना चढावा तसा वर येणारा. घाई नाही, झडप नाही. किड्याखाली येऊन थांबायचा, बघायचा, आणि मग पांढरं तोंड उघडून त्याला आत घ्यायचा, "गप्" असा आवाज यायचा, आणि पाण्यावर एक गोल मोठा होत जायचा. त्या गोलांतून ज्वालामुखी हलत होते. मी मासे खूप खाल्ले आहेत. मासा जेवताना मी पहिल्यांदा पाहिला.

"चल मेट!" अरोहा ओरडली. "आता टाक!"

शिरीषने फोमचा सिकाडा गार चरावर ठेवला. एक मासा निघाला, आला, तोंड उघडलं. खस्सकन. गेला. शिरीष रडकुंडीला आला. पुन्हा टाकला. पुन्हा खालून एक सावली सुटली.

मी नानांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या टोकावर आले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. राग कुठे गेला होता कोण जाणे. समोर कुणीतरी जेवायला बसलं होतं, आणि नानांनी आयुष्यात लग्नामुंजींच्या शेकडो पंगतींत तूप वाढलेलं होतं. मासा वर आला. तोंड उघडलं. किडा आत गेला. शिरीषचा खांदा उचलला जाणार, एवढ्यात नाना पंगतीतल्या यजमानाच्या आवाजात, शांतपणे, एकेक शब्द वेगळा करून म्हणाले,

"सावकाश, होऊ, द्या."

शिरीषचा हात जागच्या जागी थांबला. चाळीस वर्षं जुनी शिस्त असावी ती. पंगतीत वडील असं म्हणाले की ताटावरून कुणी उठत नाही. माशाने तोंड मिटलं. वळला. खाली निघाला.

"आता!" नाना ओरडले.

काठी वाकली ती सरळ होईचना. रीळ किंचाळलं. मासा तळ्याच्या मध्याकडे निघाला, मग हवेत उडाला, अख्खा, पाण्याबाहेर, थेंबांसकट, मागे रुआपेहू. मीही उडालो. मी चड्डीवर होतो हे मला नंतर आठवलं. "त्याला जाऊ दे! ओढू नकोस! दोरी दे त्याला!" अरोहा इंग्रजीत ओरडत होती, नाना मराठीत तेच ओरडत होते, आणि शिरीष दोघांनाही "हो, हो" म्हणत होता. मासा पाणवेलीकडे वळला, शिरीष कमरेपर्यंत पाण्यातून आडवा चालत गेला. वेलीत गुंतला असता तर तुटलाच असता. शेवटी दमून तो एका कुशीवर झाला आणि अरोहाने जाळं खाली सरकवलं.

पाठ शेवाळी, अंगभर काळे ठिपके, कुशीवर गुलाबी पट्टा. आम्ही चौघे त्याच्यावर वाकलो. फोटोतल्या चारही माशांपेक्षा तो लहान होता, हे सगळ्यांना एकदमच कळलं.

"मापात आहे," अरोहा म्हणाली. "ठेवता येईल. पण इथे बरेच लोक सोडून देतात. तुझं तू ठरव."

शिरीषने नानांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर एकदम उदात्त भाव आले होते, मला ते ओळखीचे आहेत, तिसऱ्या अंकात येतात. "नाना, सोडून देऊ का? पहिला आहे."

"सोडतोस?" नाना म्हणाले. "मग कालवण कशाचं करायचं, फोटोचं?"

बॅच

वर्षाने मसाल्याची डबी, चिंच आणि कोकम बांधून दिलं होतं. चार वर्षांपूर्वीच्या पहिल्या शनिवारी बांधलं होतं तसंच, असं शिरीष म्हणाला. मासा नानांनी स्वतः साफ केला. आतलं मांस गुलाबी निघालं, पेरूसारखं. अरोहाला बोलावलं होतं. ती जंडल्स दाराबाहेर काढून आत आली, हे नानांना फार आवडलं. तिच्या घरीही तसंच असतं म्हणाली. नानांनी तिला पहिलं वाढलं. "हा विकत मिळत नाही," त्यांनी तिला तिच्याच देशाचा कायदा इंग्रजीत समजावून सांगितला, "फक्त देता येतो." ती म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे झकास, आणि हाताने जेवली. तिखट लागल्यावर डोळे पुसले आणि अजून मागितलं.

ट्राउटची चव पापलेटसारखी नाही, रावसच्या जवळ जाते, पण मऊ, आणि गोड्या पाण्याचा वास अजिबात नाही. चिंचेच्या कालवणात तो असा बसला की जणू ठाण्याच्या खाडीतच जन्मला होता. बाहेर तिन्ही डोंगर एकेक करून काळे होत गेले.

आमच्याकडे माशाचं डोकं घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या ताटात जातं. त्यात खाण्यासारखं असतं थोडंच. पण ज्याला कळतं त्याला तेच सगळ्यात गोड. शिरीषच्या घरी मी शेकडो वेळा जेवलोय, डोकं नेहमी नानांचं. टोपात शिजत होतं तेव्हापासून माझी त्याच्यावर नजर होती. म्हटलं, पाहुणा आहे, विचारतील.

नानांनी पळीने डोकं उचललं. निथळू दिलं. माझ्या ताटावरून पुढे नेलं, आणि शिरीषच्या भातावर ठेवलं.

शिरीष म्हणाला, "नाना, हे तुमचं."

"खा," नाना म्हणाले, आणि खाली बघून भात कालवायला लागले. मग थोड्या वेळाने, पन्नाशीतल्या मुलाला, मान वर न करता, "काटे बघून."

मी शेपटीकडचा तुकडा घेतला. तोही वाईट नव्हता.